वर्गणीची पावती

गेल्या वर्षी जुलैच्या अखेरीस मी आणि माझ्या मैत्रिणीनं मंडईच्या मागच्या बोळात एक गाळा भाड्यानं घेतला. नव्वद चौरस फूट. आम्ही हातानं शिवलेल्या वह्या विकतो. त्याआधी तिथं एका काकांचं सुतळी, काथ्या आणि नाड्यांचं दुकान होतं. पुण्यातल्या दुकानदाराचे असतात तेवढेच मोजके शब्द त्यांच्याकडे होते. किल्ली देताना म्हणाले, "फळ्या ठेवा, तराजू मी नेतो. आणि ती तार काढू नका."

तार म्हणजे भिंतीतल्या खिळ्याला लटकवलेली, खाली आकडा असलेली लोखंडी तार. जुन्या दुकानांत तिच्यात बिलं खोचून ठेवतात. या तारेत बिलं नव्हती, वर्गणीच्या पावत्या होत्या. गणपती, नवरात्र, शिवजयंती, कुठल्याशा तालमीचं वार्षिक, दहीहंडी. सगळ्यात खालच्या पावत्या हात लावला की तुटतील इतक्या पिवळ्या. एकीवर रक्कम होती सव्वा रुपया.

दुकान उघडून अकरा दिवस झाले होते आणि आमची एकूण विक्री भाड्याच्या चौथ्या हिश्शाइतकीही नव्हती. बाराव्या दिवशी चार मुलं पावतीपुस्तक घेऊन आली. "ताई, नवीन दुकान ना? किती लिहू?"

आकडा त्यांनीच सुचवला. तो ऐकून मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "परवा या."

त्या दोन दिवसांत मी जे वाचलं, विचारलं आणि पायी फिरून पाहिलं, त्यातून हा लेख झाला. प्रश्न साधा होता. पेठेत नवीन दुकान टाकणाऱ्यानं पेठेच्या उत्सवाला पैसे का द्यावेत? तो कर आहे, देणगी आहे, की प्रवेश फी?

पेठ म्हणजेच नवीन दुकान

'पेठ' म्हटलं की आपल्याला जुनं काहीतरी आठवतं. वाडे, बोळ, दुपारी एक ते चार बंद. पण या शब्दाचा मूळ अर्थच बाजार. पुण्यातली प्रत्येक पेठ कधीतरी नवीन धंद्यांची वसाहत होती. बुधवार पेठ औरंगजेबाच्या काळात मोहियाबाद होती. पेशवाईत नवी पेठ वसवायची तर एखाद्या शेट्याला सनद द्यायची, बाहेरचे व्यापारी आणि कारागीर बोलवायचे आणि सुरुवातीची काही वर्षं त्यांना करात सवलत द्यायची, अशी पद्धत होती. आजच्या भाषेत स्टार्टअपला करमाफी. म्हणजे आज 'आम्ही मूळचे' म्हणणाऱ्या पुष्कळ घरांचे पूर्वज इथं सवलत बघून आलेले आहेत. हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं.

भाजीचा बाजार मात्र पेठेत बंदिस्त नव्हता. एकोणिसाव्या शतकात तो शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या जागेत भरायचा. १८२८ च्या आगीत वाडा जळाला होता, सत्ता दहा वर्षांपूर्वीच गेली होती. जिथं फौजा उभ्या राहायच्या, तिथं माळणी आणि बागवान बसू लागले. ऊन, पाऊस, चिखल, पण जागा मोकळी.

नगरपालिकेला पक्की मंडई हवी होती. शुक्रवार पेठेत खासगीवाल्यांच्या बागेची जागा ठरली आणि १८८६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते तिचं उद्घाटन होऊन 'रे मार्केट' सुरू झालं. मधोमध उंच अष्टकोनी मनोरा आणि त्यातून बाहेर पसरलेले हात. आम्ही दुकानातून मान बाहेर काढली की तो मनोरा दिसतो.

या इमारतीला विरोध होता. विक्रेत्यांचा होता, कारण मोकळ्यावरून छताखाली जायचं तर गाळ्याचं भाडं आलं. आणि दुसरा विरोध होता जोतीराव फुल्यांचा. १८७६ ते १८८२ या काळात ते नगरपालिकेचे सदस्य होते. मंडईवर होणारा खर्च शिक्षणावर करा, असं त्यांचं म्हणणं होतं. ते काही पैशाच्या बाबतीत कंजूष नव्हते. स्वतः बांधकामाची कंत्राटं घेणारे, भाजीपाल्याचा आणि फुलांचा व्यवसाय माहीत असलेले गृहस्थ होते. प्रश्न होता तो लोकांचा पैसा कशावर जातो, याचा. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून नगरपालिकेनं स्वागतासाठी हजार रुपये मंजूर केले, तेव्हाही विरोधात मत देणारे सभागृहात ते एकटे होते.

मंडई बांधली गेलीच. पुढे अत्र्यांच्या पुढाकारानं तिचं नाव 'महात्मा फुले मंडई' झालं. ज्या इमारतीचा खर्च त्यांना मान्य नव्हता, तिच्यावर आज त्यांचंच नाव आहे. पुणेकर याला विनोद म्हणतात. मला वाटतं, हे नाव तिथं असणं चांगलं आहे. खर्च कशाला, हे विचारणाऱ्याचं नाव रोज भाजी घेताना डोळ्यांसमोर राहतं.

मूर्ती हलवायाची, रंगाऱ्याची आणि भाजीवाल्यांची

मंडई सुरू झाल्यावर सहा-सात वर्षांतच त्याच परिसरात सार्वजनिक गणपती बसायला लागले. पहिला कुणाचा, यावर पुण्यात अजून भांडण होतं. २०१७ साली महापालिकेनं उत्सवाचं १२५ वं वर्ष साजरं केलं तेव्हा हा वाद पुन्हा पेटला होता. भाऊसाहेब रंगारी यांचे पाठीराखे १८९२ सांगतात, अधिकृत मोजणी १८९३ पासून होते. टिळकांनी १८९३ मध्ये 'केसरी'तून या उत्सवाला पाठिंबा दिला आणि १८९४ पासून तो झपाट्यानं पसरला, एवढं नक्की.

मला या वादापेक्षा नावं जास्त रंजक वाटली. भाऊ लक्ष्मण जावळे यांना 'रंगारी' हे नाव कापड रंगवण्याच्या धंद्यावरून मिळालं. दगडूशेठ गडवे हे हलवाई. मंडईतल्या व्यापाऱ्यांनी १८९४ पासून स्वतःचा गणपती बसवायला सुरुवात केली, तो शारदा-गजानन. म्हणजे उत्सवाच्या सुरुवातीच्या यादीत सरदार आणि वकील आहेत, तसे रंगारी, हलवाई आणि भाजीवालेही आहेत. धंदा हीच त्यांची ओळख होती आणि उत्सवातही ती त्यांनी लपवली नाही.

दगडूशेठांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. प्लेगमध्ये मुलगा गेला, गुरूंनी दत्त आणि गणपतीची मूर्ती करायला सांगितली, आणि त्या दुःखातून गणपती उभा राहिला. तारखा शेजारी शेजारी मांडल्या तर त्यांचा मेळ नीट बसत नाही. मूर्तीचं साल १८९३ सांगतात आणि प्लेग पुण्यात पोचला १८९६ च्या अखेरीस. पण ही गोष्ट पेठेनं सव्वाशे वर्षं का जपली, हे समजायला तारीख लागत नाही. प्लेगच्या साथीत सोल्जर घरात घुसून तपासणी करत होते, माणसं शहर सोडून माळावर झोपड्यांत राहत होती, बाजार ओस पडला होता. जूनमध्ये रँडला गोळी घातली गेली ते साल हेच, १८९७. त्या धक्क्यातून बाजार पुन्हा उभा राहिला आणि त्याबरोबर उत्सवही. दोन्ही आठवणी एकमेकींत मिसळणं साहजिक होतं.

या इतिहासात एक अवघड पानही आहे, ते उलटून पुढे जाता येत नाही. त्याआधी पुण्यातले कितीतरी हिंदू मोहरमच्या ताबुतांत भाग घेत. कुणी ताबूत बसवी, कुणी सोंगं काढी, कुणी वाजवी. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत दंगल झाली आणि त्यानंतर हिंदूंनी ताबुतांकडे जाऊ नये, असा प्रचार सुरू झाला. नव्या उत्सवातले मेळे, मिरवणूक, गाणी यांत ताबुतांच्या रिवाजाची सावली अनेक अभ्यासकांना दिसते. म्हणजे पेठेतली माणसं एका मांडवात आली, तशी काही माणसं एका मिरवणुकीतून बाहेरही पडली. उत्सव माणसं जोडतो, हे खरं आहे. कुणाला, हे दर वर्षी नव्यानं विचारावं लागतं.

पैशाला पैसा

वर्गणीचा इतिहास शोधताना मला गणपतीबाहेरचं एक टोक सापडलं. १८९० मध्ये पुण्यात औद्योगिक संग्रहालय सुरू झालं आणि सुरुवातीला ते मंडईच्याच इमारतीत होतं. खाली वांगी आणि मेथी, वर देशी कारागिरीचे नमुने. त्याच वर्षी न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं औद्योगिक परिषद भरू लागली. आपल्याकडे नवीन धंदे का उभे राहत नाहीत, ही त्या पिढीची रोजची चिंता होती.

तिचं एक उत्तर अंताजी दामोदर काळे यांनी दिलं. प्रत्येकानं फक्त एक पैसा द्यायचा आणि त्या निधीतून कारखाना काढायचा. याला नाव पडलं पैसा फंड. गावोगाव, जत्रांत, सभांत पैसे गोळा झाले आणि १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना सुरू झाला. तिथं काच करायला शिकलेले लोक देशात इतरत्र कारखान्यांत गेले.

हे वाचताना माझ्या डोक्यातलं चित्र उलटं झालं. मी वर्गणीकडे दुकानातून उत्सवाकडे जाणारा पैसा म्हणून पाहत होते. इथं वर्गणीतून धंदा उभा राहिला होता.

खरं तर गणपतीतही तेच होतं. मांडववाले, मूर्तिकार, बँड, ढोल बांधणारे, फुलवाले, विजेचं काम करणारे यांचा वर्षाचा हिशेब त्या दहा दिवसांवर असतो. १९२४ मध्ये मोतीलाल नेहरूंच्या हस्ते मंडईत टिळकांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. विसर्जन मिरवणूक तिथूनच निघते आणि लक्ष्मी रस्त्यानं अलका चौकाकडे जाते. ती चोवीस तासांहून जास्त चालते. तेवढा वेळ देशातल्या गजबजलेल्या बाजाररस्त्यांपैकी एकावर सोनं-साड्यांची दुकानं बंद आणि भेळ, पिपाण्या, चहाच्या गाड्या चालू. मोठा धंदा एक दिवस लहान धंद्याला रस्ता देतो.

२०२० मध्ये हे सगळं थांबलं. मिरवणूक नाही, दुकानं एका बाजूची आज तर दुसऱ्या बाजूची उद्या. काका म्हणाले, "त्या वर्षी वर्गणी मागायला कुणी आलं नाही. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. पैसे वाचले म्हणून आनंद व्हायला हवा होता." पुढे ते काही बोलले नाहीत.

नंतर ११ डिसेंबर २०२१ ला महापालिकेनं 'पादचारी दिन' साजरा केला. लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर गाड्यांना बंद. लोक भर रस्त्यात बसले, मुलं खेळली. २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट भुयारी मेट्रो सुरू झाली आणि मंडई स्टेशन उघडलं. जमिनीखालून आलेली गर्दी वर फुले मंडईपाशी येते. आम्ही इथं दुकान टाकलं ते त्याच हिशेबानं. त्याच हिशेबानं भाडीही वाढली आणि काकांच्या मुलांना सुतळीपेक्षा भाडं परवडू लागलं. आमचं नवीन दुकान म्हणजे एका जुन्या दुकानाचा शेवट आहे, हे मी विसरू शकत नाही. भिंतीला अजून काथ्याचा वास येतो.

"हिशेब माग"

मुलं येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी मी काकांना फोन केला. द्यायची का, किती द्यायची, विचारलं.

"जमेल तेवढी दे. जमत नसेल तर तसं सांग, लाजायचं नाही. पण पावती घे आणि हिशेब माग."

"तुम्ही मागायचात?"

"पहिली दहा वर्षं मागायचो. मग ओळख झाली. ओळख झाली की माणूस हिशेब मागायचं सोडतो. ते चुकलंच."

दुसऱ्या दिवशी मुलं आली. आम्ही त्यांनी सांगितलेल्या आकड्याच्या पाचव्या हिश्शाइतकी रक्कम सांगितली. त्यांनी तोंड वाकडं केलं नाही, हे मुद्दाम लिहिते. मी म्हटलं, "आणि मागच्या वर्षीचा जमाखर्च बघायला मिळेल?" ती एकमेकांकडे बघायला लागली. त्यातल्या सगळ्यात लहान मुलानं विचारलं, "म्हणजे कसा?"

मांडव आमच्या दारापासून वीस पावलांवर पडला. पहिले चार दिवस गिऱ्हाईक आत शिरू शकत नव्हतं. पाचव्या दिवशी आम्ही वह्यांचं टेबल शटरबाहेर घेतलं आणि मांडवातल्या मुलांनी बांबू थोडा सरकवून वाट करून दिली. उरलेल्या दिवसांत आम्ही महिन्याभरात विकल्या नव्हत्या तेवढ्या वह्या विकल्या. यावरून उत्सव धंद्याला चांगला असतो, असा नियम मी काढणार नाही. शेजारच्या औषधाच्या दुकानाचे ते दहा दिवस वाईट गेले.

जमाखर्च आला तो नवरात्र झाल्यावर. एक झेरॉक्स कागद, हातानं लिहिलेला. मूर्ती, मांडव, वीज, प्रसाद, ढोलपथकाचा चहा-नाश्ता, आणि शेवटी 'किरकोळ' या नावाखाली बराच मोठा आकडा. मी त्या शब्दावर बोट ठेवलं. तोच लहान मुलगा होता. म्हणाला, "ताई, कोणी लिहून ठेवत नाही हो रोजचं. तुमच्याकडे वह्या आहेत, पुढच्या वर्षी तुम्हीच लिहा ना."

मैत्रीण हसली. मी नाही हसले, कारण त्याचं म्हणणं बरोबर होतं. फुल्यांनी प्रश्न बाहेरून ओरडून विचारला नव्हता, सभागृहात बसून विचारला होता. हिशेब मागायचा असेल तर वही उघडून बसावं लागतं.

आमची पावती तारेत खोचली आहे, सगळ्यात वर. शेजारी एक कोरी वही ठेवली आहे, दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर वरती 'जमा' आणि 'खर्च' असे दोन रकाने आखून ठेवलेत. 'किरकोळ'साठी रकाना ठेवलेला नाही.