दोन भाषांमधली मारिना

इ.स. १५१९ च्या मार्च महिन्यात मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर, तबास्को प्रांतातील पोतोन्चान या गावाजवळ, एर्नान कोर्तेस याच्या स्पॅनिश तुकडीने स्थानिक माया लोकांचा पराभव केला. जितांनी जेत्यांपुढे नजराणा ठेवला. त्यात थोडे सोने होते, कापड होते आणि वीस स्त्रिया होत्या. या स्त्रियांना धर्माची जुजबी शिकवण देण्यात आली, त्यांचा स्नानसंस्कार झाला आणि मग कोर्तेसने त्या आपल्या अधिकाऱ्यांत वाटून टाकल्या. नव्या स्पेनमधील या पहिल्या ख्रिस्ती स्त्रिया होत, असे या मोहिमेतील शिपाई बेर्नाल दियास देल कास्तियो याने पुढे आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. हे वाक्य वाचताना आनंद मानावा की मान खाली घालावी, असा प्रश्न आपणा ख्रिस्ती वाचकांना पडल्याशिवाय राहत नाही. ज्या संस्काराने मनुष्य देवाचे लेकरू होते, त्या संस्कारानंतर लगेच त्या लेकरांची वाटणी झाली होती.

या वीस जणींपैकी एकीचे नाव इतिहासात राहिले. स्नानसंस्काराच्या वेळी तिला मारिना हे नाव मिळाले. तिच्या नाहुआत्ल भाषेत ‘र’ हा उच्चार नव्हता, म्हणून तिचे लोक ‘मालिना’ म्हणू लागले आणि आपण ‘बाई’ किंवा ‘जी’ जोडतो त्याप्रमाणे त्यांनी त्याला ‘त्सिन’ हा आदरार्थी प्रत्यय लावला. अशी ती मालिंत्सिन झाली. स्पॅनिश जिभेवर त्याचेच मालिन्चे झाले. स्पॅनिश लोक तिला ‘दोन्या मारिना’ म्हणत. ‘दोन्या’ ही कुलीन स्त्रीची उपाधी. मात्र तिच्या जन्माच्या वेळी आईबापांनी ठेवलेले नाव आज कोणालाही ठाऊक नाही.

तिचा जन्म साधारण १५०० च्या सुमारास, आखाताच्या दक्षिणेला कोआत्साकोआल्कोसच्या परिसरात झाला. बेर्नाल दियास सांगतो की ती एका स्थानिक सरदाराची मुलगी होती. बाप वारल्यावर आईने दुसरा घरोबा केला, मुलगा झाला आणि त्याच्या वारशाच्या आड येऊ नये म्हणून मुलीला रात्रीच्या वेळी शिकालान्गोच्या लोकांच्या हवाली केले. तिथून ती तबास्कोच्या माया लोकांकडे पोहोचली. या कथेचा सगळाच तपशील इतिहासकार मान्य करीत नाहीत. परंतु ती लहानपणीच दास्यात गेली याविषयी शंका नाही. त्या दास्यानेच तिला माया भाषा शिकवली. जे तिचे दुर्दैव होते, तेच तिचे सामर्थ्य ठरले.

पोतोन्चानमध्ये हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. कोर्तेसजवळ तेव्हा हेरोनिमो दे आगिलार हा दुभाषा होता. १५११ मध्ये जहाज फुटून तो युकातानच्या किनाऱ्याला लागला होता आणि आठ वर्षे माया लोकांत राहून त्यांची भाषा शिकला होता. परंतु ईस्टरच्या सुमारास ताफा सान हुआन दे उलुआ येथे थांबला आणि मोक्तेसुमा सम्राटाचे दूत नाहुआत्ल बोलत आले, तेव्हा आगिलारची विद्या संपली. त्या वेळी मारिना त्या दूतांशी बोलताना आढळली. मग एक साखळी तयार झाली. कोर्तेस आगिलारशी स्पॅनिशमध्ये बोले, आगिलार मारिनाशी मायामध्ये आणि मारिना दूतांशी नाहुआत्लमध्ये. उत्तर त्याच वाटेने परत येई. पुढे ती स्वतः स्पॅनिश शिकली आणि मधला दुवा गळून पडला. स्पॅनिश लोक दुभाष्याला ‘लेंग्वा’ म्हणजे ‘जीभ’ म्हणत. जिभेला स्वतःचे मत असते, हे मात्र त्यांच्या गावी नव्हते.

८ नोव्हेंबर १५१९ रोजी कोर्तेस आणि मोक्तेसुमा तेनोच्तित्लान नगरीच्या वेशीवर समोरासमोर आले. नाहुआत्लमध्ये राजाला ‘त्लातोआनी’ म्हणत; त्याचा अर्थच ‘बोलणारा’. अशा बोलणाऱ्याच्या समोर उभी राहून एक तरुण दासी बोलत होती. मोक्तेसुमाने पाहुण्याचे स्वागत दरबारी भाषेत केले. ही भाषा अतिनम्रतेची होती. ‘हे घर आपलेच आहे’ असे आपणही पाहुण्याला म्हणतो, पण म्हणून कोणी घराचे खरेदीखत मागत नाही. कोर्तेसने मात्र १५२० मध्ये स्पेनच्या राजाला लिहिलेल्या पत्रात त्या भाषणाचा अर्थ ‘राज्य अर्पण केले’ असा लावला. मारिनाने काय भाषांतर केले होते? त्याचा पुरावा नाही. तिच्या हातचा एक शब्दही आपल्यापर्यंत आलेला नाही. इतके मात्र खरे की पत्र लिहिणारा हात तिचा नव्हता.

तिच्यावरील सर्वांत गंभीर आरोप चोलुलाचा आहे. १५१९ च्या ऑक्टोबरमध्ये त्या नगरात स्पॅनिशांविरुद्ध कट शिजत असल्याचे एका वृद्ध स्त्रीने मारिनाला विश्वासाने सांगितले आणि मारिनाने ते कोर्तेसला कळवले, असे स्पॅनिश बाजू सांगते. त्यानंतर झालेल्या कत्तलीत दोन तासांत तीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली, असे खुद्द कोर्तेस लिहितो. कट खरोखर होता की कत्तलीचे समर्थन म्हणून तो रचला गेला, यावर आजही एकमत नाही. तिने सांगितले असेल, तर त्या रक्ताचा काही भार तिच्यावरही पडतो. तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु तलवार उपसण्याचा हुकूम देणारा कोर्तेस होता.

‘देशद्रोही’ हा शिक्का तिच्यावर बराच उशिरा बसला. १८२१ मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला आणि नव्या राष्ट्राला आपल्या पतनाचा दोषी हवा होता. १८२६ मध्ये ‘शिकोतेन्कात्ल’ नावाची एक निनावी कादंबरी निघाली. तिच्यात मारिना काळ्या रंगात रंगवली गेली. पुढे परक्याचेच कौतुक करणाऱ्या वृत्तीला ‘मालिन्चिस्मो’ असे नाव पडले. १९५० मध्ये ओक्ताव्हियो पास यांनी मेक्सिकन मनाचा शोध घेताना तिला पुन्हा केंद्रस्थानी आणले. १९७० नंतर मात्र अनेक लेखिकांनी उलट प्रश्न केला: ती कोणाशी एकनिष्ठ राहायला हवी होती? १५१९ मध्ये ‘मेक्सिको’ हे राष्ट्र नव्हते. तेनोच्तित्लानच्या मेशिका लोकांचे साम्राज्य होते आणि मारिना मेशिका नव्हती. त्या साम्राज्याला कंटाळलेल्या त्लाश्कालाच्या लोकांनी कोर्तेसला हजारो योद्धे दिले. १५२० मध्ये देवीच्या साथीने माणसे पटापट मेली. १३ ऑगस्ट १५२१ रोजी नगरी पडली ती या सर्व कारणांनी. एवढा सगळा दोष एका स्त्रीच्या ओटीत टाकणे सोपे होते, कारण ती उत्तर द्यायला उरली नव्हती.

कोर्तेसपासून तिला मार्तीन हा मुलगा झाला. १५२४ मध्ये होंडुरासच्या मोहिमेवर असताना कोर्तेसने तिचे लग्न हुआन हारामियो या सरदाराशी लावून दिले. १५२९ मध्ये पोप क्लेमेंट सातवे यांनी मार्तीनला औरस ठरवले. परंतु मुलगा तत्पूर्वीच बापाबरोबर स्पेनला गेला होता. त्याच सुमारास, तिशीच्या आत-बाहेर, ती वारली.

त्याच होंडुरासच्या वाटेवर तिचे माहेर लागले. आई आणि सावत्र भाऊ भीतीने थरथरत समोर आले. तिने त्यांना जवळ घेतले, दागिने दिले आणि क्षमा केली, असे बेर्नाल दियास सांगतो. त्याला तेव्हा इजिप्तमधील योसेफ आणि त्याचे भाऊ आठवले. योसेफही भावांनी विकलेला आणि परक्या दरबारात मोठा झालेला. त्याला मात्र कोणी द्रोही म्हणत नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या पूर्वजांना हाच धर्म परक्यांच्या जहाजांबरोबर मिळाला. ‘तुम्ही नक्की कोणाचे?’ हा प्रश्न आपणही कधीतरी ऐकलेला असतो. म्हणून मारिनाचा न्याय करताना आपण थोडे सावकाश बोलावे. वीस जणींच्या त्या रांगेत ती उभी होती, तेव्हा तिला कोणीही काही विचारले नव्हते.