प्रकाश होता, भांडे नव्हते

रस्त्यावरच्या पिवळ्या सोडियम दिव्याखालून आपण वर्षानुवर्षे ये-जा केली. हा दिवा घडायला दीडशे वर्षे लागली, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. मला तर त्याचा इतिहास प्रकाशापेक्षा एका भांड्याचाच इतिहास वाटतो.

इंग्रज रसायनशास्त्रज्ञ सर हम्फ्री डेव्ही यांनी १८०७ मध्ये विजेच्या साहाय्याने सोडियम धातू वेगळा केला. त्याच सुमारास कोळशाच्या दोन कांड्यांमध्ये विजेची झगझगीत ज्योतही त्यांनी पेटवून दाखवली. सोडियम आणि विजेची ज्योत, दोन्ही एकाच माणसाच्या हाती होती! मग अडले कुठे?

साध्या बल्बमध्ये तार तापून उजळते. बरीचशी वीज उष्णतेतच जाते; एका वॅटमागे प्रकाश मिळतो जेमतेम १० ते १५ ल्युमेन. वाफेच्या दिव्यात तारच नसते. बंद नळीतल्या धातूच्या वाफेतून वीज वाहते, इलेक्ट्रॉन अणूंवर आदळतात आणि अणू ती ऊर्जा प्रकाशरूपाने परत देतात. मात्र ज्योत पेटली की ती अधिकाधिक वीज ओढू लागते. तिला लगाम घालायला चोक लागतो.

अमेरिकेच्या पीटर कूपर ह्युइट यांनी १९०१ मध्ये पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याचे पेटंट मिळवले. पण त्या निळसर-हिरव्या उजेडात माणसांचे चेहरे प्रेतवत दिसत. १९३२ मध्ये हॉलंडमधल्या एका रस्त्यावर कमी दाबाचे सोडियम दिवे लागले. आपल्या डोळ्यांना पिवळा प्रकाश चटकन जाणवतो, त्यामुळे थोड्या विजेत भरपूर उजेड मिळाला. पण रंग एकच. लाल काय नि हिरवे काय, सारे करडे-तपकिरी.

वाफेचा दाब वाढवला की रंगांचा पट्टा रुंदावतो, हे शास्त्रज्ञ जाणत होते. पण तापलेली, दाट सोडियमची वाफ काच खाते, क्वार्ट्‌झही खाते. ती कोंडून ठेवणारे भांडेच नव्हते.

ते भांडे मिळाले कुंभाराच्या विद्येतून! जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट कोबल ॲल्युमिना भाजण्याचा अभ्यास करत होते. हा पदार्थ चिनी मातीसारखा पांढरा आणि अपारदर्शक. कारण त्याच्या अंगात असंख्य सूक्ष्म छिद्रे राहतात. १९५० च्या दशकात कोबल यांना आढळले, की त्यात किंचित मॅग्नेशिया मिसळून भाजले तर ही छिद्रे निघून जातात आणि प्रकाश आरपार जातो. सोडियमच्या वाफेला दाद न देणारी नळी अशी तयार झाली. १९६० च्या दशकाच्या मध्यावर उच्च दाबाचा सोडियम दिवा बाजारात आला. वॅटमागे शंभराच्या आसपास ल्युमेन आणि २४,००० तासांपर्यंत आयुष्य. म्हणजे रोज बारा तास जळला तरी पाच वर्षांहून अधिक! त्याच दशकात पाऱ्याच्या दिव्यात धातूंचे आयोडाइड मिसळून पांढऱ्या प्रकाशाचे मेटल हॅलाइड दिवे निघाले. मैदानांवरचे रात्रीचे सामने त्यांनीच उजळले.

या दिव्यांत एक खोड होती. वीज क्षणभर गेली, तरी नळी निवेपर्यंत पुन्हा उजेड नाही. २०१५ पासून देशभर रस्त्यांवर एलईडी बसवण्याची मोहीम सुरू झाली आणि सोडियमचे पिवळे दिवे मागे पडत गेले. डेव्ही यांचे नाव आपण शाळेत शिकतो. कोबल यांचे नाव मात्र, त्यांच्या नळीच्या उजेडात आयुष्य काढलेल्यांनीही क्वचितच ऐकले असेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)