लडाखमधील अज्ञात प्रकाशमान वस्तू (२०१२-१३)

ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात भारत-चीन सीमेवरील पूर्व लडाखमध्ये भारतीय सैनिकांना आकाशात वारंवार तेजस्वी वस्तू दिसल्या. त्या चीनचे टेहळणी ड्रोन असाव्यात, असा संशय होता. तपासाअंती त्या गुरू व शुक्र हे ग्रह असल्याचे निष्पन्न झाले.

पार्श्वभूमी
पँगाँग सरोवराच्या परिसरात लष्कराने अशा ३२९ नोंदी केल्या. त्यांपैकी १५५ वेळा वस्तूंनी प्रत्यक्ष ताबारेषा ओलांडल्याचे नोंदवले गेले. या रेषेबाबत उभय देशांत मतभेद असल्याने प्रकरण गंभीर मानले गेले. एप्रिल २०१३मध्ये देपसांग येथे दोन्ही सैन्ये सुमारे तीन आठवडे समोरासमोर उभी ठाकली होती.

तपास
लष्कराने बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ ॲस्ट्रोफिजिक्स या संस्थेचे साहाय्य घेतले. लडाखमधील हानले येथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर या संस्थेची वेधशाळा आहे. वस्तू पार्थिव आहेत की खगोलीय, हे ठरवणे खगोलशास्त्रज्ञांचे काम होते. त्यांचा निष्कर्ष जुलै २०१३मध्ये प्रसिद्ध झाला.

कारणमीमांसा
डिसेंबर २०१२च्या आरंभी गुरू प्रतियुतीत होता. त्यामुळे तो सायंकाळी उगवून रात्रभर दिसे. शुक्र या काळात पहाटे पूर्वेस दिसत असे. पृथ्वीच्या परिवलनामुळे ग्रह तासाला सुमारे १५ अंश पश्चिमेकडे सरकतात. पूर्व क्षितिज चीनच्या बाजूस असल्याने उगवलेला ग्रह तिकडून येऊन भारतीय हद्दीत शिरल्याचा भास होऊ शकतो. अंधारात एकट्या प्रकाशबिंदूचे अंतर डोळ्यांना ठरवता येत नाही. उंचावरील विरळ व कोरड्या हवेत ग्रह अधिक तेजस्वी दिसतात. सीमाभागात ड्रोनचा वापर वाढल्यानेही संशयाला बळ मिळाले.

पडताळणीसाठी ठरावीक वेळी वस्तूची दिशा व क्षितिजापासूनची उंची मोजून ती ग्रहाच्या गणिती स्थानाशी ताडून पाहता येते. ग्रह ताऱ्यांसोबत सरकतो; ड्रोनची गती मात्र ताऱ्यांशी जुळत नाही.

तत्सम तपास
अमेरिकी हवाई दलाने १९४७ ते १९६९ या काळातील १२,६१८ नोंदी तपासल्या. त्यांपैकी ७०१ अनिर्णीत राहिल्या. खगोलशास्त्रज्ञ जे. ॲलन हायनेक या तपासाचे सल्लागार होते. उलगडा झालेल्या अनेक नोंदींमागे तेजस्वी ग्रह, तारे व उल्का असल्याचे आढळले.