विदूषक संग्रहालय, लंडन

सर्कस व रंगभूमी यांवरील विदूषकी कलेचा इतिहास आणि तिची साधने जतन करणारे इंग्लंडमधील एक संग्रहालय. ‘क्लाउन्स इंटरनॅशनल’ ह्या विदूषकांच्या संघटनेने त्याची जोपासना केली. पूर्व लंडनच्या डॉल्स्टन भागातील होली ट्रिनिटी चर्चमध्ये ते उभे राहिले. संग्रहाचा काही भाग पुढे सॉमरसेट परगण्यातील वुकी होल येथे नेण्यात आला. वेशभूषा, छायाचित्रे व प्रयोगसाहित्य यांबरोबरच विदूषकांचे चेहरे रंगविलेली अंडी हे ह्या संग्रहाचे खास वैशिष्ट्य होय.

संस्कृत नाटकातील विदूषक हा नायकाचा स्नेही असून त्याचा विनोद मुख्यतः संवादातून फुलतो. येथे अभिप्रेत असलेला ‘क्लाउन’ मात्र देहबोली, कसरत व मुखरंजन यांवर विसंबणारा आहे. त्याला आधुनिक रूप दिले ते जोसेफ ग्रिमाल्डी (१८ डिसेंबर १७७८–३१ मे १८३७) ह्या लंडनच्या नटाने. पांढऱ्या रंगाने माखलेला चेहरा व गालांवर लाल त्रिकोण ही त्याची रंगभूषा पुढील विदूषकांना आदर्श ठरली. १८०६ मध्ये कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहातील हार्लेक्विन अँड मदर गूज ह्या प्रयोगाने त्याची कीर्ती शिखरास पोहोचली. त्याच्या ‘जोई’ ह्या लाडक्या नावानेच इंग्लंडमध्ये विदूषक ओळखले जाऊ लागले. तथापि अवघड उड्या व पडण्याच्या कसरती यांनी त्याचे शरीर अकाली खिळखिळे झाले. १८२८ मधील निरोपाच्या प्रयोगात त्याला बसूनच काम करावे लागले. त्याच्या आठवणींचे संपादन चार्ल्स डिकिन्झने केले (१८३८). ग्रिमाल्डीच्या स्मरणार्थ १९४६ पासून दरवर्षी फेब्रुवारीत प्रार्थनासभा भरते आणि विदूषक पूर्ण वेशात उपस्थित राहतात. १९५९ मध्ये ही सभा होली ट्रिनिटी चर्चमध्ये आली. नंतरच्या काळात ती हॅगर्स्टन येथील ऑल सेंट्स चर्चमध्येही झाली आहे.

अंड्यांची नोंदवही स्टॅन बुल्ट यांनी १९४६ मध्ये सुरू केली. कोंबडीचे अंडे आतून रिकामे करून त्याच्या कवचावर ते प्रसिद्ध विदूषकांचे चेहरे रंगवीत. कवच नाजूक असल्याने ह्या मूळ संग्रहातील बरीच अंडी पुढे नष्ट झाली. १९८० नंतरच्या दशकात ही प्रथा पुन्हा सुरू झाली, तेव्हा चिनी मातीची अंडी वापरण्यात येऊ लागली. विदूषकाच्या छायाचित्रावरून चेहरा रंगविला जातो आणि पुष्कळदा त्याच्या पोशाखाचे कापड वा टोपातील केसही त्यावर चिकटविले जातात.

दुसऱ्याची रंगभूषा उचलू नये, हा विदूषकांमधील अलिखित दंडक आहे. नोंदविलेले अंडे म्हणजे त्या चेहऱ्यावरील हक्काचा जणू दाखलाच. त्यामागे कायद्याचे बळ नाही. व्यवसायबंधूंचा आदर व लोकलज्जा हेच त्याचे बळ. त्यामुळे लेखी कायद्याविना कलावंत आपल्या निर्मितीचे रक्षण कसे करतात, ह्याचे उदाहरण म्हणून विधिज्ञांनीही ह्या प्रथेचा अभ्यास केला आहे.

पांढऱ्या चेहऱ्याचा रुबाबदार विदूषक, त्याच्या हातून फजिती होणारा धांदरट ‘ऑगस्ट’ आणि फाटक्या वेशातील भटक्या, असे विदूषकांचे प्रमुख प्रकार मानले जातात. बर्ट्रम मिल्स सर्कशीतील ‘कोको’ (निकोलाय पोलियाकॉफ, १९००–७४) हा ऑगस्ट परंपरेतील विख्यात कलावंत होता. अंड्यावर ह्या प्रकारांचे रंगरूप टिकते. परंतु पडण्याचा नेमका क्षण, थबकणे आणि प्रेक्षकांशी जुळणारी नजर कोणत्याही कवचावर उमटत नाही. विदूषकाची बहुतेक कला त्याच्याबरोबरच लोप पावते. शिल्लक राहिलेला चेहरा तरी नावानिशी जपावा, ह्या धडपडीत ह्या संग्रहाचे महत्त्व सामावले आहे.