समाधीचे अभंग आणि गाडगेबाबांचे कीर्तन : शोकपदांचा वऱ्हाडी संदर्भ

वारकरी पदांतील मृत्युविषयक आशयाचा अर्थ लावताना ‘वैराग्य’ या एकाच संज्ञेचा आधार बहुधा घेतला जातो. संतांना मरणाचे दुःख नसते, असे गृहीत धरले की पुढील अर्थ आपोआप ठरतो. नामदेवांच्या नावावरील समाधीप्रकरणाचे अभंग मात्र या गृहीतकालाच छेद देतात.

ज्ञानेश्वरांनी शके १२१८ (इ. स. १२९६) मध्ये आळंदीस समाधी घेतली. त्या प्रसंगी निवृत्तिनाथ हे केवळ थोरले बंधू नाहीत, गुरूही आहेत. तरीही शोकाने व्याकूळ होतात ते तेच. त्यांच्या दुःखासाठी योजलेल्या प्रतिमा वेदान्तातील नसून शेतातील आहेत. बांधलेले तळे फुटून पाणी वाहून जाते. पेंढीचा आळा सुटून काडी न काडी विखुरते. अकोट, मूर्तिजापूर या पूर्णेच्या खोऱ्यातील तालुक्यांत ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या ज्यांनी बांधल्या, त्यांना ही प्रतिमा समजावून सांगावी लागत नाही. भावंडांपैकी एक गेला एवढेच ती सांगत नाही. भावंडांना एकत्र ठेवणारा आळाच सुटला, असा तिचा रोख आहे.

याउलट दिसणारा प्रसंग याच खोऱ्यातील एका कीर्तनकाराचा आहे. गाडगेबाबा १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मले व मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाकडे वाढले. १९२३ मध्ये कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असताना एकुलता मुलगा गोविंदा वारल्याचे वृत्त त्यांना कळले. असे कोट्यवधी गेले, मग एकासाठी किती रडावे, या आशयाचे उद्गार काढून त्यांनी कीर्तन पुढे चालू ठेवले, असे चरित्रकार सांगतात.

यातील ‘कोट्यवधी’ हा शब्द केवळ अलंकार मानणे इतिहासाला सोडून होईल. १८९९-१९०० च्या दुष्काळाची आठवण त्या वेळी जुनी झालेली नव्हती. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने तर मध्यप्रांत-वऱ्हाडात देशातील सर्वाधिक हानी झालेल्या भागांपैकी एक म्हणावा असा संहार केला. वऱ्हाडची लोकसंख्या १९११ मध्ये ३०.५७ लाख होती, ती १९२१ मध्ये ३०.७५ लाखांवरच अडली. श्रोते कोकणातील असले, तरी त्या साथीने मुंबई इलाख्यालाही सोडले नव्हते. समोर बसलेल्या कित्येकांच्या घरचे कोणी ना कोणी गेलेले होते. त्यांच्यापुढे पित्याने आपला मुलगा त्यांच्याच मृतांच्या रांगेत उभा केला. तेव्हा येथे शोकाचा निषेध नाही. आपल्या शोकाला वेगळा मान मागण्यास नकार आहे.

अर्थात हा नकार पित्याचा आहे, आणि तो भर सभेतला आहे. गोविंदाची आई कुंताबाई हिच्या दुःखाला या उद्गारात जागा नाही. स्त्रियांचा असा शोक मराठीत कीर्तनाच्या फडावर क्वचितच येतो. तो जात्यावरच्या ओवीत येतो, आणि तेथे कोटींची गणती नसते. गेलेले माणूस आणि त्याच्यावाचून परकी झालेली घराची वाट, एवढेच तेथे असते.