दहा पौंडांचे तिकीट



नव्या जोडप्याने कोणत्या देशात बिऱ्हाड थाटावे, हा प्रश्न आज आपल्या गावातही घरोघर बोलला जातो. कुणाचा मुलगा मेलबर्नला निघालेला असतो, कुणाची मुलगी टोरांटोला. हाच प्रश्न दुसऱ्या महायुद्धानंतर विलायतेतल्या लाखो कामकरी कुटुंबांपुढे उभा होता. त्यांनी ऑस्ट्रेलिया निवडला. माझा जन्म मजुरांचे करार वाचण्यात गेला, म्हणून हा इतिहासही मी कराराची कलमे वाचावीत तसाच आपल्यापुढे मांडणार आहे.

युद्ध जिंकूनही विलायत थकली होती. बॉम्बहल्ल्यांत घरे पडली होती आणि कितीतरी नवी जोडपी आईबापांच्या घरी एका खोलीत दिवस काढीत होती. युद्धात जे झाले नव्हते ते 1946 साली झाले. पावावर रेशन आले. रेशनिंग पुरते उठायला 1954 साल उजाडले. तिकडे ऑस्ट्रेलियाला माणसे हवी होती. 1942 साली जपानने डार्विनवर बॉम्ब टाकले होते, आणि एवढ्या अफाट खंडात वस्ती जेमतेम 75 लाखांची. 1945 साली तेथे स्थलांतराचे स्वतंत्र खाते निघाले. मजूर पक्षाचे आर्थर कॉलवेल हे त्याचे पहिले मंत्री. 1947 पासून योजना सुरू झाली : प्रौढ माणसाने 10 पौंड भरावेत, लहान मुलांना फुकट, आगबोटीचे बाकीचे भाडे सरकारच्या शिरावर.

आता कलमे पाहू. दोन वर्षे तेथे राहिलेच पाहिजे. आधी परतायचे, तर सरकारने भरलेले भाडे फेडायचे. शिवाय परतीचा खर्च ज्याचा त्याने करायचा, आणि तो किमान 120 पौंड. जाताना दहा, येताना एकशेवीस! हे कलम किती जणांनी निघण्यापूर्वी नीट वाचले असेल?

मजुरीचे कलम मात्र खरोखर चांगले होते. 1907 साली न्यायमूर्ती हिगिन्स यांनी शेतीयंत्रांच्या एका कारखान्याच्या प्रकरणात निकाल दिला, की बिनकसबी मजुरालाही दिवसाला 7 शिलिंग मिळालेच पाहिजेत. मालकाला काय परवडते हे त्यांनी पाहिले नाही. नवरा, बायको आणि तीनएक मुले माणसासारखी जगायला काय लागते, हे पाहिले. 1948 पासून तेथे आठवडाही 40 तासांचा झाला.

पण याच हिशेबात एक मेख होती. मिळवता तो पुरुष, बायको त्याच्या आधाराची, असे त्यात गृहीत धरले होते. म्हणून बाईचा मूळ दर कमी. 1950 साली तो वाढवला, तोही पुरुषाच्या 75 टक्क्यांपर्यंतच. केंद्र सरकारच्या नोकरीत लग्न झालेल्या बाईला 1966 पर्यंत कायम जागा नव्हती. समान कामाला समान वेतन हे तत्त्व मान्य व्हायला 1969 साल यावे लागले. जोडप्याने देश निवडला खरा, पण देशाला हवा होता तो मुख्यतः नवऱ्याचा हात.

उतरल्यावर अनेकांची सोय वसतिगृहांत झाली. अर्धगोल पत्र्याच्या बराकी आणि सामायिक भोजनगृह. नवरा कामावर गेला, की बायको दिवसभर मुलांना घेऊन त्या पत्र्याखाली. 1952 साली दर वाढले, तेव्हा अनेक वसतिगृहांतल्या कुटुंबांनी एकजुटीने वाढीव पैसे द्यायचे नाकारले.

या योजनेतून दहा लाखांहून अधिक ब्रिटिश माणसे गेली. सुमारे चौथा हिस्सा परतला. परतलेल्यांच्या आठवणी इतिहासकारांनी पुढे गोळा केल्या. त्यांत मजुरीच्या तक्रारीपेक्षा घरची ओढ, म्हातारे आईबाप आणि बायकांचा एकटेपणा यांचाच सूर मोठा आहे. परतलेल्यांपैकी कितीतरी पुन्हा ऑस्ट्रेलियाला गेले, हेही खरे. आणि 1966 साली वेल्समधून आईबापांबरोबर गेलेली एक लहान मुलगी, ज्युलिया गिलार्ड, 2010 साली त्या देशाची पहिली महिला पंतप्रधान झाली.

मात्र हे तिकीट आपल्यासाठी नव्हते. 1901 च्या कायद्याने गोऱ्यांखेरीज इतरांना दार बंद होते. नको त्या माणसाला एखाद्या युरोपीय भाषेत श्रुतलेखन घालून नापास करीत. ही परीक्षा 1958 साली गेली, आणि वर्णभेदाचे धोरण 1973 साली. त्या धोरणाला तिथल्या कामगार संघटनांचा पाठिंबा होता. आपली मजुरी राखण्यासाठी त्यांनी दुसऱ्या मजुराला दाराबाहेर ठेवले. मी कामगार चळवळीतला माणूस आहे, म्हणूनच हे झाकून ठेवणे मला शोभणार नाही.

आज ते दार उघडले आहे. मेलबर्न-सिडनीत मराठी मंडळे आहेत, गणपती बसतात. जाणाऱ्यांना जाऊ नका असे मी म्हणणार नाही. पोटामागे जाणे हा कष्टकऱ्याचा हक्कच आहे. पण निघण्यापूर्वी दोघांनी शेजारी बसून कागद वाचावा. दोघांनाही कामाची परवानगी आहे काय? डोक्यावर छप्पर कोणते? आजारी आईबापांकडे यायचे झाले, तर खर्च कोण भरणार? एकाने पगार वाचला आणि दुसरीने नुसती सही केली, तर तो करार दोघांचा नव्हे.