पो येथील शर्यत : बेंटले आणि बुगाटी

दोन मोटारींपैकीं श्रेष्ठ कोणती, हा प्रश्न आंकड्यांनीं सोडविण्याकडे आपली सहज प्रवृत्ति असते. अश्वशक्ति किती व वेग किती, एवढें पाहिलें कीं निवाडा झाला असें आपण समजतों. इतिहासाची साक्ष मात्र इतकी सरळ नाहीं. दक्षिण फ्रान्समधील पो या गांवीं २१ सप्टेंबर १९३० रोजीं झालेली फ्रेंच ग्रां प्री या दृष्टीनें मननीय आहे.

त्या शर्यतींत इंग्रज शर्यतपटु टिम बर्किन बेंटले मोटार घेऊन उतरले. तिचें इंजिन चार सिलिंडरांचें व सुमारें साडेचार लिटरांचें होतें. अधिक हवा दाबून इंजिनांत भरणारा सुपरचार्जर रेडिएटरच्या पुढें बसविलेला असे. हवा अधिक म्हणून पेट्रोल अधिक जळे आणि तिची अश्वशक्ति २४० च्या घरांत जाई. मूळची ही चार आसनांची मोटार. दिवे व चाकांवरील पंखे काढून बर्किन यांनीं ती शर्यतीस सिद्ध केली.

उलटपक्षीं फिलिप एतांसलँ यांच्या बुगाटीचें इंजिन आठ सिलिंडरांचें, पण अवघें दोन लिटरांचें होतें. त्यालाही सुपरचार्जर होता. तथापि शक्ति बेंटलेच्या जेमतेम निम्मी. १९२४ सालीं लिऑं येथें प्रथम दिसलेल्या या घराण्याची खरी थोरवी तिच्या हलकेपणांत होती. पुढचा आंस पोकळ, चाकें ॲल्युमिनियमचीं ओतीव. बेंटलेचें वजन दीड टनाहून अधिक, तर बुगाटीचें पाऊण टनाच्या आसपास.

आतां हांकण्याची गोष्ट पाहूं. पुढच्या बाजूस भार असल्यामुळें बेंटले वळणावर बाहेर जाऊं पाही. तिला वळविण्यास मनगटांत बळ हवें, आणि वेग आंवरण्यास ब्रेक लौकर लावावा लागे. बुगाटी चालकाच्या किंचित् इशाऱ्यानेंही वळे व ब्रेकही उशिरां लावूं देई. पण पोच्या मार्गावर सरळ रस्ते लांबलचक होते. तेथें बेंटलेचें सामर्थ्य फळास आलें. २५ फेऱ्यांअंतीं एतांसलँ पहिले आले, आणि सुमारें साडेतीन मिनिटांच्या अंतरानें बर्किन दुसरे. बुगाटींच्या त्या मेळाव्यांत प्रवासी घाटाच्या अवजड मोटारीनें दुसरा क्रमांक मिळवावा, हें कांहीं लहान यश नव्हे.

तथापि चित्राची दुसरी बाजूही आहे. मूळ निर्माते डब्ल्यू. ओ. बेंटले यांना सुपरचार्जरची कल्पना मान्य नव्हती. शक्ति वाढवावयाची तर इंजिनच मोठें करावें, असें त्यांचें मत. त्याच वर्षीं जूनमध्यें ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत बर्किन यांच्या पक्षाच्या मोटारी निकामी झाल्या. सुपरचार्जर नसलेल्या साडेसहा लिटरांच्या बेंटले मोटारींनीं मात्र पहिले दोन्ही क्रमांक पटकावले.

म्हणजे एकच यंत्र एका ठिकाणीं हलकेपणापुढें हरलें, तर दुसऱ्या ठिकाणीं टिकाऊपणापुढें. गंमत अशी कीं, एकही मोठी शर्यत न जिंकलेल्या त्या बेंटलेचेंच नांव आज अनेक विजयी मोटारींहून अधिक लोकांच्या मुखीं आहे. वर्गांत मुलें मला विचारतात, ‘अमक्या दोघांत श्रेष्ठ कोण?’ मग तो प्रश्न सेनापतींचा असो वा साम्राज्यांचा. मी त्यांस उलट विचारतों, ‘कोणत्या रस्त्यावर, आणि किती वेळ?’ हें ठरविल्यावांचून केलेली तुलना म्हणजे न्याय नव्हे, केवळ आवडनिवड होय.